रांग कुणाच्या ताब्यात

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतून सारखी तक्रार यायची. "दिवसा काय नसतंय सर, रात्री बॅकअप सुरू झाला की स्क्रीन अडकतीया." लोखंड वितळून तयार असतं, ओतण्याआधी सुपरवायझरला त्या हीटचा, म्हणजे त्या खेपेच्या धातूत काय किती आहे ते सांगणारा, स्पेक्ट्रोमीटर रिपोर्ट बघायचा असतो आणि नेमका तोच उघडत नाही. तोवर धातू भट्टीत धरून ठेवायचा म्हणजे वीज जळते आणि कार्बनही घटतो.

तिथल्या सर्व्हरमधल्या स्टोरेज कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सला ते कार्ड चालवू देणारा प्रोग्राम, आम्ही सांभाळतो. आमच्या टेबलावर सरासरी आकडे उत्तम यायचे. पण सरासरीत अडकलेला माणूस दिसत नाही. म्हणून एका रात्री तिथेच जाऊन बसलो आणि बॅकअप चालू असताना बीएलके-ट्रेस लावला. वाचन-लिखाणाची विनंती कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, कधी आली, ड्रायव्हरकडे कधी गेली, कार्डाने कधी पुरी केली, हे सगळं त्यात दिसतं. रिपोर्टच्या वाचनाच्या विनंत्या ड्रायव्हरपर्यंत क्षणात पोचत होत्या. सगळा खोळंबा त्यापुढे, कार्डाच्या पोटात.

विनंत्यांचा क्रम ठरवणारा कर्नलमधला शेड्युलर होता एमक्यू-डेडलाइन. वाचनाला ५०० मिलिसेकंद, लिखाणाला ५ सेकंद मुदत, आणि वाचन पुढे काढणं हेच त्याचं काम. पण पुढे काढायला त्याच्याकडे रांग उरतच नव्हती! कार्डाची एकच रांग, तीत २५६ विनंत्या मावतात, म्हणून ड्रायव्हरने कर्नलला रांगेची खोली, म्हणजे एका वेळी किती विनंत्या आत पाठवायच्या तो आकडा, तेवढीच सांगितलेली. बॅकअपची मोठमोठी लिखाणं आली तशी आत जायची आणि कार्ड ती आल्या क्रमाने उरकायचं. साखर कारखान्यात काटा होऊन गाड्या गव्हाणीपाशी एकामागे एक लागल्या, की मागची पुढे घेता येत नाही. घ्यायची तर काट्याच्या अलीकडेच.

खोल रांग म्हणजे वेगवान डिस्क, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. साटा आणि एनव्हीएमई या डिस्क जोडायच्या दोन पद्धती; साटाच्या एनसीक्यू या रांगेत ३२ विनंत्या, एनव्हीएमईच्या एकेका रांगेत ६५,५३६ पर्यंत, हे आकडे वाचून ती होते. एनव्हीएमईला मुळात रांगाच अनेक असतात आणि २०१४ च्या लिनक्स ३.१३ पासून कर्नलचा ब्लॉक-एमक्यू हा भाग प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला वेगळी रांग देतो. आमच्या कार्डाला ते लागू नव्हतं. हार्डवेअर किती घेऊ शकतं हा एक प्रश्न, त्याला किती द्यावं हा दुसरा. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने दुसऱ्याचंच उत्तर द्यायचं असतं, असं माझं ठाम मत आहे.

रांगेची खोली ३२ केली, ड्रायव्हरचं मॉड्यूल तिथेच बांधून चढवलं. फोनवर सहकारी म्हणाला, "बॅकअप लांबेल रे." लांबला, थोडासा. पण आता जादाची लिखाणं कर्नलमध्येच थांबत होती आणि शेड्युलर वाचनाला त्यांच्या पुढे काढत होता. पुढच्या हीटचा रिपोर्ट सुपरवायझरने बॅकअप चालू असतानाच उघडला, मँगनीज बघितलं आणि तिथूनच हाक दिली, "ओता!"

ती खोली आता आम्ही मॉड्यूलच्या पॅरामीटरमध्ये, म्हणजे बदलता येईल अशी, ठेवली आहे, मुळात ३२. ज्याला फक्त बॅकअपच चालवायचा आहे त्याने ती खुशाल वाढवावी.