तीनचाकी: उजवा पाय अखेर वरून पुढे गेला

रविवारी सकाळी विद्यापीठाच्या आवारात तीनचाकी सायकल चालवताना भाच्याचा उजवा पाय कुणी हात न लावता पायडलच्या फेऱ्यातल्या वरच्या टोकावरून पुढे गेला. पुढच्या फेरीलाही गेला, त्याच्या पुढच्याही! या गाडीबद्दलच्या माझ्या आधीच्या नोंदी ज्या अडचणीवर येऊन थांबत होत्या, ती सपाट रस्त्यावर तरी सुटली.

पायडल वर आलं की त्याचा ताठ गुडघा पुरेसा वाकत नाही, टाच उचलली जाते आणि गाडी जागेवर थांबते. पट्टे आवळले तर पाय पायडलवर राहतो, पण अडकायचा तिथं अडकतोच. मग ताईनं मागचा दांडा धरून ढकलायचं. तिची कंबर धरायला लागली होती. फिजिओथेरपिस्टनी गुडघा किती वाकतो ते मोजून दिलं आणि १७० मिमीची क्रँक (पायडल ज्याच्या टोकाला लागतं तो हात) त्याच्यासाठी फारच लांब आहे, हे दिसलं.

ती ११० वर आणली. म्हणजे पायडल वरच्या टोकाला ६० मिमी कमी चढतं. खालच्या टोकालाही तेवढंच वर राहतं, म्हणून सीट ६० मिमी वर घेता आली. गुडघ्याला एकूण १२० मिमीची मोकळीक! माझ्या मते पट्टे, गाद्या, पोटरीचे आधार या सगळ्यांच्या आधी क्रँकची लांबी बघावी.

पण पुण्यात ११०ची क्रँक शोधताना जीव मेटाकुटीला आला. लहान मुलांच्या सायकलची बसेना. कॉटर पिनची लोखंडी क्रँक नवं भोक पाडायला फार निमुळती, आणि कापून वेल्डिंग करायला मी तयार नव्हतो; पोराचा सगळा जोर तिथंच येतो. शेवटी जुन्या बाजारात गिअरच्या सायकलची रुंद अ‍ॅल्युमिनियमची जोडी मिळाली. १३ मिमीचं ड्रिल, मग ९/१६ इंच, इंचाला २० आट्यांचा टॅप (आटे पाडायचं हत्यार). उजवी बाजू चटकन झाली. डाव्या पायडलला उलटे आटे लागतात आणि डावा टॅप लेथवाल्या काकांकडे नव्हता. ऑनलाइन मागवला, तर डावा म्हणून उजवाच आला. परत पाठवला, तर पुन्हा तोच! टॅप दुकानात जाऊन, आटे डोळ्यांनी बघूनच घ्या. काकांनी ओळखीतून एक मिळवला आणि तेल सोडत, अर्धा फेरा पुढे, पाव मागे करत हातानंच आटे पाडले. पायडल बोटानं शेवटपर्यंत आत गेलं. उरलेलं टोक कापून घासलं, नाहीतर ते घोट्याच्या एएफओला (पाऊल-घोट्याला आधार देणाऱ्या स्प्लिंटला) लागलं असतं.

क्रँक आखूड झाली की जोर जास्त लागतो, इथं साधारण दीडपट. म्हणून पुढे ४४ ऐवजी ३२ दात, मागे १८ ऐवजी २० चं फ्रीव्हील (पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारं चक्र). वेग कमी झाला, हे भाच्याला मुळीच पटलेलं नाही. पॅरासायकलिंगमध्ये, म्हणजे अपंग खेळाडूंच्या सायकल शर्यतींत, तीनचाकीचे टी१ आणि टी२ असे वेगळे गट असतात, हे कळल्यापासून तो वेगाशिवाय बोलतच नाही. तरी रविवारी "मामा, आईला सांग ना, दांडा सोड" असं म्हणाला, आणि तिनं सोडला. ती नुसती शेजारून चालत होती. तिच्या दांड्यावर ब्रेकचा लिव्हर आहे म्हणूनच हे जमलं. माझ्या लेखी तो प्रत्येक गाडीला हवाच.

चढावर मात्र पाय अजून अडकतो. यावर २५० वॅटची हब मोटर बसवायची, असं ठरवून हे लिहायला बसलो होतो. पण लिहिता लिहिता सुचलं: चौकोनी अ‍ॅक्सलवर एक क्रँक दुसरीच्या बरोबर उलट न ठेवता ९० अंशांनी फिरवून बसवता येते. उजवा पाय माथ्यावर असताना डावा पुढे, ऐन जोरात! तोटा एकच, प्रत्येक फेऱ्यात पाव भाग दोन्ही पाय नुसते वर येत राहणार, जोर कुणाचाच नाही. तेवढा भाग गाडी गतीवर काढेल का? फिक्स चाकानं (ज्यात चाकाबरोबर पायडलही फिरतंच) काढेल, पण पाय बांधलेले असताना पेटका आला तर चाक पायांना ओढत नेईल. त्यामुळे फिक्स मला नको वाटतं.

मोटर तूर्त बाजूला. शनिवारी मागची चाकं विटांवर उचलून आधी जागच्या जागी फिरवून बघणार. ९० अंशांच्या क्रँक कुणी वापरल्या असतील, तर फ्रीव्हीलवर चढ निघाला का, तेवढं त्याआधी कळवा.