वॉल्टर कँप आणि पाच यार्डांची भानगड

अमेरिकन फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ. आपल्याकडच्या फुटबॉलशी त्याचं नातं नावापुरतंच. १८७६ साली वॉल्टर कँप येल विद्यापीठाकडून उतरला तेव्हा हा खेळ जवळपास रग्बीच होता. चेंडू मधे, दोन्हीकडचे गडी त्याला लाथा घालणार, कुणाला मिळेल ते नशीब.

कँपचं म्हणणं सरळ होतं: चेंडू ज्याचा, त्यानेच खेळ सुरू करावा. १८८० मध्ये ते मान्य झालं. दोन्ही संघ एका काल्पनिक रेषेच्या अलीकडे-पलीकडे उभे. मधला गडी चेंडू पायाने मागे सरकवायचा (हाताने देणं नंतरचं), क्वार्टरबॅक, म्हणजे त्याच्या मागचा गडी, तो उचलून दुसऱ्याकडे सोपवायचा. गडीही पंधराचे अकरा झाले. आधी ठरवून चाल खेळता येऊ लागली ती इथून.

पण चेंडू सोडायची सक्तीच नव्हती! १८८१ च्या येल-प्रिन्स्टन सामन्यात एक अर्धा प्रिन्स्टनने चेंडू धरून काढला, दुसरा येलने. निकाल ०-०. कबड्डीत रिकाम्या चढायांना वैतागून ‘डू ऑर डाय’ आणली ना, दुखणं तेच. १८८२ चा उपाय: तीन डाउनमध्ये (डाउन म्हणजे चेंडू पुढे न्यायचा एक प्रयत्न) पाच यार्ड पुढे जा किंवा दहा मागे या, नाहीतर चेंडू द्या. मोजायला दर पाच यार्डांवर पांढरी रेघ. मैदान भाजायच्या जाळीसारखं दिसू लागलं, म्हणून ‘ग्रिडआयर्न’.

१८८८ ते ९२ कँप येलचा प्रशिक्षक होता: ६७ विजय, २ पराभव. पहिल्याच हंगामात ६९८ गुण केले, दिला एकही नाही. दिवसा तो घड्याळांच्या कंपनीत नोकरीला. सराव बघून टिपणं काढायची बायको ॲलिस, आणि रात्री घरी खेळाडूंसोबत चर्चा. निम्मं श्रेय तिचं, असं माझं मत.

पाच यार्ड मात्र फारच कमी निघाले. सगळ्यांनी एकमेकांना बिलगून ढकललं की तेवढं अंतर निघायचं. त्यात १८८८ पासून कमरेखाली धरायची मुभा. मोकळा पळणारा लगेच आडवा, म्हणून घोळका आणखी घट्ट. हाडं मोडली, पोरं मेली. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जाणत्यांना बोलावलं, कँपही गेला. त्याला पाचाचे दहा यार्ड हवे होते. पुढे फेकायचा पास नको होता. १९०६ मध्ये दोन्ही आले. पास कुणाचाही हात न लागता जमिनीवर पडला तर चेंडू प्रतिस्पर्ध्याला, त्यामुळे सुरुवातीला फेकायला फारसं कुणी धजेना. चौथा डाउन मिळाला १९१२ मध्ये.