रजिस्टरमध्ये नसलेल्या २५ लिंक

सकाळी साडेसातला कुरकुंभहून फोन आला तेव्हा मी डबा भरत होते. प्लँटचे मेंटेनन्स इन्चार्ज बोलत होते. "मॅडम, तुमच्या ड्रॉइंगमध्ये पी-२०४ बी पंपावर क्लिक केलं, तर ४५ मिलिमीटरचं सील दाखवतंय. रात्री स्टोअरमधून तेच काढलं. आता ते शाफ्टवरच्या स्लीव्हवर चढेना. पंपाला ५३ लागतंय." जोडीतला ए पंप ओव्हरहॉलिंगसाठी आधीच भोसरीला गेलेला, त्यामुळे बी उभा म्हणजे लाइन उभी. योग्य सील, म्हणजे शाफ्टपाशी गळती थांबवणारा भाग, पुण्यातून मागवून बसवेपर्यंत दुपार झाली.

ते ड्रॉइंग माझं होतं. त्यातली प्रत्येक लिंक मी स्वतः घातली, असंच मी त्या दिवसापर्यंत समजत होते.

एरंडवण्यातल्या एका कन्सल्टन्सीत मी ११ वर्षं पायपिंगची ड्रॉइंग करते. आमच्याकडे पंप, व्हॉल्व्ह, एक्स्चेंजर अशा प्रत्येक वस्तूला तिची डेटाशीट, म्हणजे तांत्रिक माहितीचं पान, जोडून द्यायची पद्धत सुरू झाली ती माझ्या आग्रहामुळे. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तू निवडायची, कंट्रोल-के दाबायचं, फाइल दाखवायची. प्लँटमधल्या माणसाने कंट्रोल धरून त्या वस्तूवर क्लिक केलं की डेटाशीट समोर. काम एवढंच दिसतं, पण त्यात खाचा फार. पहिल्याच प्रोजेक्टला क्लायंटकडे सगळ्या लिंक मेल्या होत्या, कारण पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, आमच्या ऑफिसच्या झेड ड्राइव्हचा होता आणि त्यांच्याकडे झेड ड्राइव्हच नव्हता. तेव्हापासून मी रिलेटिव्ह पाथच वापरते आणि हायपरलिंकबेस हे सेटिंग रिकामं ठेवते. मग पाथ ड्रॉइंगच्या स्वतःच्या फोल्डरपासून धरला जातो. ड्रॉइंग आणि डेटाशीटचं फोल्डर जोडीने उचलून कुठेही ठेवा, लिंक चालते. शिवाय घातलेल्या प्रत्येक लिंकची एक्सेलमध्ये नोंद: टॅग नंबर (वस्तूचा ओळखक्रमांक), फाइल, रिव्हिजन. डेटाशीट बदलली की आधी रजिस्टर उघडायचं, तिथे शोधायचं, मग ड्रॉइंगमध्ये जाऊन लिंक बदलायची. हे रजिस्टर मला कोणी ठेवायला सांगितलेलं नाही. मीच ठेवते.

त्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या रजिस्टर उघडलं. २०४ ए होता. २०४ बी ची ओळच नव्हती.

मग ड्रॉइंग उघडून सिलेक्टयूआरएल ही कमांड दिली. लिंक असलेल्या सगळ्या वस्तू ती एका झटक्यात निवडते. प्रॉपर्टीजच्या खिडकीत वर आकडा आला १६३. रजिस्टरमध्ये १३८ ओळी. मी दोन्ही आकडे कागदावर लिहून वजाबाकी केली, मनात करायचा धीर होईना. २५ लिंक अशा होत्या, ज्या कोणीच घातल्या नव्हत्या.

लिंक ड्रॉइंगच्या एखाद्या यादीत नसते, त्या वस्तूच्याच पोटात असते. एक्स-डेटा, म्हणजे वस्तूला चिकटवलेली जादा माहिती म्हणून, पीई_यूआरएल या नावाखाली. त्यामुळे वस्तू कॉपी केली, मिरर केली, ॲरे केली, की लिंकही निमूट बरोबर जाते. बी पंप मी ए वरून कॉपी केला होता, टॅग बदलला होता. तेव्हा दोघांची डेटाशीट एकच होती, वर नाव 'पी-२०४ ए/बी'. पुढे डिलिव्हरी लवकर मिळते म्हणून परचेसने बी दुसऱ्या कंपनीचा घेतला. तो निरोप आला व्हॉट्सॲपवर, एका ओळीचा. मी ड्रॉइंगवर बदल दाखवणारा रिव्हिजन क्लाउड काढला, मोटरचा एचपी बदलला, नवी डेटाशीट फोल्डरमध्ये टाकली, रजिस्टरमध्ये २०४ बी शोधला. सापडला नाही, तेव्हा बी ला लिंकच नाही असं धरून पुढे गेले. तिथेच थांबून एकदा त्या पंपावर क्लिक करायला हवं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

आमचे चेकर फार काटेकोर. ए-वन प्रिंट टेबलावर पसरतात, बरोबर त्या प्रत्येक टॅगवर पिवळा हायलाइटर, चूक तिथे लाल पेन. हे ड्रॉइंगही त्यांनी संपूर्ण पिवळं केलं होतं आणि कागदावर जे होतं ते खरंच बरोबर होतं. लिंक कागदावर येत नाही. 'स्मार्ट ड्रॉइंग' म्हणून आमचे साहेब क्लायंटकडून वेगळे पैसे घेतात, पण लिंक तपासण्याचे तास कुठल्याही एस्टिमेटमध्ये नसतात. मीटिंगमध्ये कारण लिहिलं गेलं 'ड्राफ्टिंग एरर'. माझी चूक मी नाकारत नाही. पण एका शब्दात ती फाइल बंद झाली, याचा राग अजून जात नाही.

बाकीच्या २४ मी त्याच दिवशी एकेक उघडून पाहिल्या. २ चुकीच्या निघाल्या, दोन्ही कंट्रोल व्हॉल्व्ह. दुरुस्त फाइल मेल करता आली असती, पण दुसऱ्या दिवशी मी स्वतः घेऊन गेले. पाटसचा टोलनाका ओलांडेपर्यंत तिथे काय बोलायचं तेच जुळवत होते.

रात्रपाळीचे फिटर काका मुद्दाम थांबले होते. चिडलेले नव्हते, त्यामुळे जास्तच अवघड वाटलं. म्हणाले, "मॅडम, पूर्वी जाडजूड फाइल होती. पंप शोधताना चार पानं उलटायची, तेवढ्यात दुसरा कागद डोळ्याखालून जायचा. आता क्लिक केलं की एकच पान येतं. वर ए/बी लिहिलंय म्हटल्यावर मी अजून काय बघणार?"

याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही, आजही आलेलं नाही. आता मी कॉपी केलेल्या वस्तूची लिंक आधी काढून टाकते. ड्रॉइंग सोडण्यापूर्वी दोन्ही आकडे जुळवते, सगळ्या लिंकची यादी प्रिंट करून चेकरांपुढे ठेवते आणि ते तीही पिवळी करतात. पण काकांचं म्हणणं यादीने मिटत नाही.

कंट्रोल रूममध्ये नवी फाइल टाकून मी काकांना खुर्चीत बसवलं. त्यांनी कंट्रोल दाबून २०४ बी वर क्लिक केलं. नवी डेटाशीट उघडली, सील ५३. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, पंपाचा मॉडेल नंबर तळहातावर पेनाने उतरवला, टॉर्च उचलला आणि नेमप्लेट बघायला खाली पंपाकडे निघाले. मीही हेल्मेट घालून त्यांच्या मागे गेले.