बडोद्यात प्रिंटमेकिंग शिकताना

एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून हाताला एकच सवय: चित्र आधी ठरवायचं, मग नीट उतरवायचं. एम.व्ही.ए.साठी (मास्टर ऑफ व्हिज्युअल आर्ट्स) बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्समध्ये प्रिंटमेकिंगला, म्हणजे छापचित्रं करायला शिकायला गेलो आणि ती सवय सुटता सुटेना. (घरचे म्हणाले होते, बडोदं म्हणजे आपलंच, गायकवाडांचं. खरंय, पण मेसमधली डाळ गोडच.)

ही फॅकल्टी १९५०ची. चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथे शिकवत. छापचित्रकार ज्योती भट्ट न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये इंटॅग्लिओ (धातूच्या प्लेटवरच्या खोल रेषांत शाई भरून छापायची पद्धत) शिकून आले, तेही इथेच शिक्षक होते. नावं मोठी, पण स्टुडिओत शिरल्यावर आधी जस्ताच्या प्लेटच्या कडा कानशीने उतरत्या करायच्या. नाहीतर प्रेसमध्ये कागद फाटतो आणि फेल्टलाही (प्रेसमधल्या लोकरी कापडालाही) काप जातो. नायट्रिक ॲसिडमध्ये प्लेट टाकली की रेषांवर बुडबुडे धरतात. ते पिसाने सारखे हलवत राहायचं, नाहीतर रेघ ओबडधोबड खाल्ली जाते.

मी अडकलो ते व्हिस्कॉसिटीत, म्हणजे शाईच्या पातळ-घट्टपणावर चालणाऱ्या रंगीत छपाईत. छापचित्रकार कृष्णा रेड्डींनी पॅरिसच्या आतल्ये १७ या छपाईच्या स्टुडिओत सहकाऱ्यांबरोबर विकसित केलेलं हे तंत्र. प्लेट ॲसिडला वेगवेगळ्या खोलीपर्यंत खाऊ द्यायची. सगळ्यात खोल रेषांत शाई भरून पुसून घ्यायची. मग जवसाचं तेल घालून पातळ केलेली शाई कडक रोलरने फक्त वरच्या पातळीवर, आणि घट्ट शाई मऊ रोलरने दाबून खालच्या पातळीत. पातळ शाईवर घट्ट शाई बसत नाही, म्हणून एकाच प्लेटवर, एकाच दाबात सगळे रंग. ऐकायला सोपं. पण तेलाचे दोन थेंब इकडेतिकडे झाले की निळ्याच्या जागी चिखल. उन्हाळ्यात शाई आपोआप सैल पडते, त्यामुळे थंडीतलं प्रमाण मे महिन्यात कामाचं नाही. मी वहीत तेलाचे थेंब, रोलर, हवा लिहीत गेलो आणि चित्र आधी ठरवणं तिथेच बारगळलं. कुठला रंग कुठे नकार देतो ते बघून पुढची प्लेट ॲसिडमध्ये टाकायची.

ज्युरीला, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या दिवशी, नीट आलेले प्रिंट लावले होते. परीक्षकांनी ते भराभर पाहिले आणि टेबलावरचे प्रूफ (चाचणीचे छाप) आणि वही मागून घेतली. एका प्रूफमध्ये लाल कडेलाच का थांबला, यावरच बराच वेळ गेला. माझ्या मते तीच खरी परीक्षा होती. तिकडे अर्ज करणाऱ्यांनी पोर्टफोलिओत दोन-चार फसलेले प्रूफ बिनधास्त घालावेत. मात्र ते कसे झाले, ते सांगता आलं पाहिजे.