तुम्ही विचारलंत म्हणून: पेटीचा गंधार (ग) बिघडलाय का?

हा प्रश्न मला वर्षातून निदान पाचसहा वेळा येतोच. मॅडम, पेटी नुकतीच ट्यून करून आणली, मोबाईलवरच्या ट्यूनरचा काटापण बरोब्बर मध्ये येतोय, तरी तंबोऱ्यासोबत वाजवली की गंधार टोचतो, त्या माणसाने फसवलं का? नाही हो, बिचाऱ्याने काम चोख केलंय. भानगड फार जुनी आहे, पार ग्रीकांपर्यंत जाते.

९० सेंटीमीटरची तार घ्या. पूर्ण तार म्हणजे सा, ६० वर दाबली की पंचम (प), ४५ वर वरचा सा. असली गुणोत्तरं पायथागोरसच्या नावावर आहेत. लोहाराच्या हातोड्यांची वजनं मोजून त्याने ती शोधली अशी गोष्टपण सांगतात, पण ती खोटी, हातोड्यांचा हिशोब तसा चालतच नाही. तारेचा मात्र चालतो. मग त्या मंडळींनी पंचमावर पंचम चढवत सगळे स्वर काढायचं ठरवलं, आणि इथेच घोळ झाला कारण बारा पंचम चढलात की सा च्या कंपनसंख्येच्या १२९.७५ पट वर पोचता, आणि सात सप्तकं चढलात की १२८ पट, म्हणजे फिरून घरी आलात तर दार थोडं सरकलेलं! या फटीला आजही पायथागोरसचा कॉमा म्हणतात.

आता गंधार. चार पंचम चढून काढलेला गंधार त्या तारेवर ७१.१ सेंटीमीटरला येतो. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येतो ना, तो ७२ ला. जवळजवळ नऊ मिलिमीटरचा फरक आहे, कानाला कळणारच. हा ७२ वाला पण ग्रीकांना माहीत होता, टॉलेमी नावाच्या ग्रीक विद्वानाच्या एका सप्तकात तो सरळ ५:४ म्हणून दिलेला आहे. आणि पेटीचा, पियानोचा? ७१.४. दोन्हींच्या मध्ये, म्हणजे खरं तर कुणाचाच नाही. कॉमाची ती फट बाराही पंचमांत थोडी थोडी वाटून टाकली की हे असं होतं.

मला स्वतःला या सगळ्यात अरिस्टॉक्सेनस आवडतो. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकातला, ॲरिस्टॉटलचा शिष्य. त्याचं म्हणणं, आकडे बाजूला ठेवा, स्वर कानाने ठरतो. चौथ्या स्वरापर्यंतचं अंतर अडीच टोन (टोन म्हणजे साधारण सा ते रे एवढं अंतर), टोनाचे दोन सारखे अर्धे, झालं. पायथागोरसवाल्यांना हे पटणं शक्यच नव्हतं कारण टोनाचं गुणोत्तर ९:८, आणि त्याचे दोन सारखे भाग पूर्णांकांच्या गुणोत्तरात होतच नाहीत, तसं सिद्धच करून ठेवलेलं होतं. गंमत बघा, आज पेटीच्या बारा पट्ट्या सारख्या अंतरावर लावतो तेव्हा आपण याच माणसाच्या बाजूने असतो, आणि तरी कान तक्रार करतो!

कुणी लगेच विचारतं, मग ग्रीकांकडे पण बाराच स्वर होते का. नाही. त्यांची चौकट चार तारांची, बाहेरच्या दोन सा आणि म सारख्या पक्क्या बांधलेल्या, आतल्या दोन सरकवायच्या. त्या सरकवण्याच्या तीन जाती, त्यातल्या एनहार्मोनिकमध्ये खाली पाव पाव टोनाची दोन बारीक पावलं आणि मग वर एकदम मोठी उडी. पियानोच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये बसणारा स्वर झाला तो, वाजवायचा कुठे? (गिटारवाल्यांसाठी, तुमचा डोरियन नावाचा स्वरक्रम हा ग्रीकांचा डोरियन नाही. जुनी नावं नंतर युरोपात चर्चच्या संगीतात भलत्याच सप्तकांना चिकटली.)

आता मुद्द्याचं, पेटी दुरुस्त होते का? होते. तुमच्या सा ला धरून गंधाराचा सूर घासून खाली आणता येतो, तंबोऱ्याशी मस्त मिळतो. पण मग दुसरा गायक आला आणि माझा सा काळी दोन म्हणाला की तीच पट्टी त्याच्यासाठी दुसरा कुठला तरी स्वर होते आणि तो बोंबलतो. एकाच माणसाला साथ करायची असेल तर खुशाल घासून घ्या. माझ्याकडे सगळ्या पट्ट्यांची पोरं येतात, म्हणून मी पेटी आहे तशीच ठेवलीये, आणि भूप सुरू झाला की गंधारावर भाता हलका करते, तेवढ्यात तंबोरा काय ते बघून घेतो.