सारवलेला डोंगर

व्हाल तोरांस, गुरुवार, रात्री साडेअकरा

पाय ठणकताहेत. स्कीचे बूट दिवसभर नडगीला आवळून बसतात, संध्याकाळी बकलं सोडली की बरं वाटायच्या आधी कळ येते. पण आज पाचव्या दिवशी निळ्या उतारावरून एकदाही न पडता खाली आले! इथे हिरवा उतार सगळ्यात सोपा, मग निळा, लाल आणि शेवटी काळा. सोमवारी हिरव्यावरही रडकुंडीला आले होते.

फ्रेंच आल्प्समधलं हे गाव २,३०० मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षाही साडेसहाशे मीटर उंच. झाडं केव्हाच खाली राहिली. झोप सावध लागते, घसा कोरडा पडतो आणि वाइन लगेच चढते. दुपारी उतारावरच्या ‘ला फोली दूस’ या बारमध्ये दालचिनी घातलेली गरम वाइन मी एकच ग्लास घेतली. चारच्या सुमाराला तिथे लोक बुटांसकट टेबलांवर चढून नाचत होते. विसर्जन मिरवणुकीत नाचतात तसे, कोण कुणाचं ते माहीत नसताना. मलाही एका आजींनी हात धरून वर ओढलं. खूप नाचले. खूप दिवसांनी.

रात्री दहाला पबमधून बाहेर पडलो, तर समोरच्या काळोख्या डोंगरावर दोन पिवळे दिवे सावकाश चढत होते. बर्फ सारखा करणारी यंत्रं. दिवसभरात आपण बर्फाचे उंचवटे करून ठेवतो, ते रात्री ही यंत्रं मोडतात आणि पहाटेपर्यंत थंडीने बर्फ पुन्हा घट्ट बसतो. फार उभ्या चढावर यंत्र वर पोलादी दोराला बांधलेलं असतं. तो दोर अंधारात दिसत नाही, म्हणून डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट बंद झाल्यावर उतारावर जायचं नाही, असं आमच्या शिक्षिकेने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मंगळवारी पहिल्या लिफ्टने वर गेले होते, तेव्हा हातमोजा काढून या यंत्रांनी बर्फावर उठवलेल्या रेघांवरून बोटं फिरवली होती. आजी अंगण सारवायची, त्यावर तिच्या बोटांच्या अशाच रेघा उठायच्या. वाळेपर्यंत पाय ठेवू द्यायची नाही. हे दिवे रात्रभर ज्यांच्या हातात आहेत, त्यांना मी कधी भेटणार नाही.

खाली अजून गाणी चालू आहेत. खिडकीतून आता एकच दिवा दिसतोय, बराच वर. गजर सातचा लावलाय.