"एक प्रिंट टाकून बघा की"

स्वतः लिहिलेला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सुरू होतानाच मेला तर कारण कसं शोधता, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. पुण्यात ओळखीतली निम्मी माणसं सॉफ्टवेअरमधली. हौशी कर्नल बूट होत नाही म्हटलं की सल्ला ठरलेला: "एक प्रिंट टाकून बघा की." म्हणजे कोडमध्ये मजकूर छापणारी ओळ टाका आणि कुठवर पोचतो ते पाहा. सांगणारे जाणकार असतात, म्हणून जास्त लागतं.

रिअल मोडमध्ये, म्हणजे प्रोसेसर सुरू होतो त्या १६ बिटांच्या अवस्थेत, बायॉसचा (मदरबोर्डवरच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमचा) इंटरप्ट हेक्स १० अक्षर छापून देतो, हे मान्य. ३२ बिटांच्या प्रोटेक्टेड मोडमध्ये शिरलं की तो आधार जातो. स्क्रीनच्या मेमरीत, हेक्स बी८००० वर, थेट अक्षर लिहिता येतं, तेही मान्य. पण यंत्र रीसेट झालं की स्क्रीन पुसली जाते, आणि इथे सगळं मरण रीसेटनेच येतं. आयडीटी, म्हणजे प्रोसेसरने उठवलेला कोणता अपवाद (एक्सेप्शन) कुणी झेलायचा याची यादी, अजून बसवलेली नसते. पहिला अपवाद आला की डबल फॉल्ट, तोही झेलायला कुणी नाही म्हणून ट्रिपल फॉल्ट, की पुन्हा बायॉसचा लोगो.

एकच दोष नीट सांगतो, म्हणजे माझी चिडचिड कळेल. क्यूएमूमध्ये, म्हणजे संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कर्नल दर वेळी चालतो. तोच पेनड्राइव्ह जुन्या डेस्कटॉपला लावला की रीसेट, रीसेट, रीसेट. ६४ बिटांच्या लाँग मोडमध्ये जायला प्रोसेसरच्या नियंत्रण रजिस्टरांत एकेक बदल केला: सीआर४ मध्ये पीएई लावलं, सीआर३ मध्ये पेज टेबलचा, म्हणजे मेमरीच्या पानांच्या तक्त्याचा, पत्ता दिला, ईफरमध्ये लाँग मोडचा बिट लावला, सीआर० मध्ये पेजिंगचा ३१ वा बिट लावला, आणि पुढची सूचना आणतानाच सगळं संपलं. कोड वाचून काही सापडत नाही, कारण लिहिलेली प्रत्येक ओळ बरोबर आहे. चूक न लिहिलेल्या ओळीत आहे. पेज टेबलची प्रत्येक नोंद ६४ बिटांची. ३२ बिटांच्या कोडमधून आपण खालचे ३२ बिट भरतो आणि वरचे शून्यच असतील असं धरून चालतो. तक्ते बीएसएसमध्ये (सुरुवातीला शून्य असायला हव्यात अशा डेटाच्या भागात), आणि फ्लॅट बायनरीत, म्हणजे नुसत्या कोड-डेटाच्या फाइलमध्ये, बीएसएस येतच नाही. ती जागा शून्य करणं आपल्या लोडरचं, म्हणजे कर्नल मेमरीत आणणाऱ्या कोडचं, काम. क्यूएमू कोरी मेमरी देतो, म्हणून निभावतं. खऱ्या रॅममध्ये आधीचा कचरा असतो. तो राखीव बिटांवर पडला की पेज फॉल्ट, एरर कोड ९: पान हजर आहे, पण राखीव बिट लागलेला आहे.

हे घरबसल्या पकडता येतं. तक्ते भरण्याआधी तिन्ही पानांत, म्हणजे १२,२८८ बाइटांत, मुद्दाम हेक्स सीसी ओता. केव्हीएम (खरा प्रोसेसर थेट वापरण्याची सोय) बंद ठेवून क्यूएमूला इंटरप्ट आणि सीपीयू-रीसेटचा लॉग लिहायला लावा, रीबूट बंद करा. लॉगमध्ये आधी अपवाद १४ (पेज फॉल्ट), मग ८ (डबल फॉल्ट), मग ट्रिपल फॉल्ट. सीआर२ मध्ये फॉल्ट झाला तो नेमका पत्ता. उपाय म्हणजे ती पानं शून्य करणं, चार-पाच सूचनांत: सीएलडी, ईडीआयमध्ये तक्त्यांचा पत्ता, ईएएक्स शून्य, ईसीएक्समध्ये ३,०७२, आणि रेप स्टॉसडी.

खऱ्या यंत्रावर मात्र लॉग नाही. तिथे संशयित जागी स्वतःवरच उडी मारणारी सूचना ठेवायची. यंत्र गोठलं तर तिथवर पोचलो, रीसेट झालं तर आधीच मेलो; मग उरलेला भाग निम्मा करत जायचं. संथ काम आहे, पण खोटं बोलत नाही. याहून बरा सिरियल पोर्ट: पत्ता हेक्स ३एफ८, डिव्हायझर १ म्हणजे ११५२०० चा वेग, आणि प्रत्येक पायरीआधी एक अक्षर पाठवायचं. शेवटचं अक्षर दुसऱ्या मशीनवर टिकून राहतं. फक्त तपकीर गल्लीतून (पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून) केबल घेताना आरएस-२३२ ची मागा. टीटीएल (कमी व्होल्टेजचं) मॉड्यूल मदरबोर्डच्या कॉम हेडरला थेट जोडलंत तर जळू शकतं. मध्ये व्होल्टेज जुळवणारी मॅक्स३२३२ चिप हवीच. दोन्ही टोकं पीसीसारखी असतील तर २ आणि ३ नंबरच्या पिना उलटसुलट, ५ नंबरची ग्राउंड सरळ.

"ग्रब का वापरत नाही?" हा पुढचा प्रश्न. ग्रब हा तयार बूटलोडर; तो ईएलएफ फाइल (भागांची माहिती सोबत असलेली) लोड करताना बीएसएस शून्य करून देतो, हा दोष उगवलाच नसता. पूर्वी मी ठासून सांगायचो की बूट सेक्टर स्वतः लिहिल्याशिवाय कर्नलला हात लावू नये. आता नवशिक्याला ग्रबच सुचवतो. पण ग्रबने जे झाकलं ते त्याला कधी दिसणार, याचं उत्तर तेव्हाच्या माझ्याकडे होतं आणि आताच्या माझ्याकडे नाही. म्हणून माझ्या डिबग बिल्डमध्ये ग्रब असला तरी बीएसएसवर आधी सीसी ओततो, मग स्वतः शून्य करतो.